कोकण व सह्याद्रीचा प्रवास : हवा पाहून बेत कसा आखावा

शेतकऱ्याने वर्षातून एकदा तरी आपली शीव ओलांडून परमुलखाची शेती डोळ्यांनी पाहून यावी, ही गोष्ट आता कोणास पटवून द्यावी लागत नाही. वालूर व सेलूकडील मंडळी परभणीचे कृषी विद्यापीठ पाहतातच. अलीकडे पुष्कळांचा ओढा घाटाखाली कोकणात व महाबळेश्वराकडे दिसतो. हापूसची बाग, नारळी-पोफळीचे आगर, काजूची टेकडी, स्ट्रॉबेरीचे वाफे ही आपणांस घरी पाहावयास मिळत नाहीत. तेव्हा ही इच्छा योग्यच होय. परंतु जाण्याचा दिवस ठरविताना आपल्या हातून एक चूक नेहमी घडते. आपण आपला रिकामा वेळ पाहतो, जेथे जावयाचे तेथील हवा पाहत नाही. पेरणीच्या वेळी जो गृहस्थ आभाळाकडे व जमिनीच्या ओलीकडे दहा वेळा पाहतो, तोच प्रवासास निघताना केवळ सुट्टी पाहून निघतो. या चुकीमुळे कधी पैसा फुकट जातो, कधी पाहावयाचे पीकच दृष्टीस पडत नाही, आणि कधी गोष्ट प्राणावर बेतते. म्हणून या प्रवासाचा बेत हवेच्या हिशेबाने कसा करावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

एका वाटेवर चार हवा

आपण जो प्रवास डोळ्यांपुढे ठेवू त्याची वाट अशी : सेलूहून आगगाडीने जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, इगतपुरी, तेथून कसाऱ्याचा घाट उतरून कल्याण-ठाणे, तेथे गाडी बदलून कोकण रेल्वेने खेड व पुढे मोटारीने दापोली, दापोलीहून पोलादपूरमार्गे आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, मग पाचगणी, पसरणीचा घाट उतरून वाई, आणि पुण्यावरून घरी. आठ दिवसांत हा फेरा सावकाश होतो. या एका फेऱ्यात चार निरनिराळ्या हवा लागतात : आपल्या पठाराची, समुद्रकाठची, सह्याद्रीच्या माथ्याची, आणि त्याच्या पाठीमागील पर्जन्यछायेची.

पावसाचे आकडे पाहिले म्हणजे हा फरक चटकन ध्यानात येतो. परभणीकडे वर्षास सरासरी ९०० ते ९५० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापाने ३६-३७ इंच पाऊस पडतो. रत्नागिरी-दापोलीच्या बाजूस तो ३,००० मिलिमीटरांच्या पुढे जातो. महाबळेश्वरी तो ५,५०० मिलिमीटरांहून अधिक आहे. परंतु तेथून सुमारे २० किलोमीटरांवरील पाचगणीस त्याचा तिसरा हिस्साच उरतो, आणि घाट उतरून वाईस आले की पाऊस परभणीहूनही कमी होतो.

याचे कारण असे. समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीस अडतात व वर चढतात. वर चढताना हवा निवते. निवालेल्या हवेत बाष्प मावत नाही, ते पावसाच्या रूपाने डोंगरमाथ्यावर पडते. तेच वारे पलीकडे उतरू लागले म्हणजे तापतात व कोरडे होतात. आपण ज्यास पावसाने दगा दिला म्हणतो, तो पुष्कळ अंशी सह्याद्रीने वाटेत वसूल केलेला कर होय.

समुद्रकाठची उष्णता

पारा पाहून कोकणाची उष्णता अजमावू नये. परभणीस मे महिन्यात पारा ४१-४२ अंशांवर जातो. रत्नागिरीस त्याच दिवसांत तो ३३ अंशांच्या आसपास असतो. म्हणून आपला मनुष्य समजतो की तेथे सुख असेल. परंतु आपल्याकडील कोरड्या हवेत घाम तत्काळ सुकतो व अंग निवते. तेथील दमट हवेत तो सुकत नाही, अंगावरून ओघळत राहतो. त्यामुळे घरी ४० अंशांत औत हाकणारा माणूस तेथे ३३ अंशांत बागेचा चढ चढताना थकून बसतो. अशा दिवसांत पाणी वारंवार व थोडे मीठ घालून प्यावे, आणि बागेतील फिरणे सकाळी दहाच्या आत व दुपारी चारनंतर ठेवावे.

समुद्रकाठी वाऱ्याची पाळी ठरलेली असते. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. फाल्गुन-चैत्रात पूर्वेकडील उष्ण वारे जोर करतात, तेव्हा खारा वारा येण्यास उशीर होतो, आणि किनाऱ्यावरही पारा एकाएकी ३७-३८ अंशांवर चढतो. असे दोन-तीन दिवस लागले की आंब्याची बारीक फळे गळू लागतात. बागाईतदाराशी बोलताना ही गोष्ट जरूर विचारावी. आपल्या मोसंबीच्या फळगळीशी ती ताडून पाहता येते.

डोंगरावरील थंडी

उंची वाढली म्हणजे हवा थंड होते. दर हजार मीटरांस हा फरक सरासरी साडेसहा अंशांचा धरतात. परभणीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर, आणि महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंच आहे. केवळ उंचीच्या हिशेबाने सहा अंश उतरतात. उन्हाळ्यात समुद्राकडील वाऱ्यामुळे फरक याहूनही अधिक पडतो.

हिवाळ्याच्या रात्रीची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती शेतकऱ्याने समजून घेण्यासारखी आहे. कडाक्याच्या थंडीत परभणीचा पारा पुष्कळदा महाबळेश्वराच्याही खाली असतो. थंड हवा जड असते. ती उतारावरून घसरून सखल जागी साचते. माथा त्यामुळे थोडा उबदार राहतो, आणि खालचे पठार व खोरे गारठते. खुद्द महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या सखल काठावर दवबिंदू गोठतात, त्याच रात्री वरच्या टेकाडावर तसे काही होत नाही. ओढ्याकाठच्या खोलगट तुकड्यात आपला हरभरा व भाजीपाला थंडीने अधिक का पोळतो, याचे उत्तर तेथे डोळ्यांनी पाहावयास मिळते.

कोणत्या दिवसांत जावे

आता आपले शेतीकाम व तेथील हवा यांची सांगड घालू.

मृगापासून हस्तापर्यंत, म्हणजे जून ते सप्टेंबर हे चार महिने, घाट ओलांडण्याचा प्रवास करू नये. अडचण अशी की आपणांस नेमकी याच काळात सवड असते. पेरणी झाली, पहिली कोळपणी-खुरपणी आटोपली, की श्रावणात मंडळी धबधबे पाहावयास निघतात. आपला पाऊस रिमझिम असतो, म्हणून तिकडचाही तसाच असेल असे मनात असते. २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून चोवीस तासांत महाबळेश्वरी ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आपल्या गावी वर्षभरात जो पडतो, त्याच्या दोन-तृतीयांशाच्या जवळपास एका दिवसात. एका एकरावर सुमारे चोवीस लाख लिटर पाणी. त्याच दिवशी चिपळूण शहर पुराखाली गेले, महाडजवळ तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला.

त्यापूर्वी २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वराकडे जात असता याच घाटात दरीत कोसळली. बसमधील सुमारे तीस माणसे दगावली. एकच गृहस्थ वाचला. ही माणसे त्या मुलखात राहणारी, तेथील पावसाच्या रोजच्या परिचयाची होती. पावसाळी घाटात चूक सुधारण्यास जागा राहत नाही. मग दुरून आलेल्या, वाटेची ओळख नसलेल्या आपल्यासारख्यांनी केवढी सावधगिरी बाळगावयास हवी, हे सांगणे नको. कोणास भाताची लावणीच पाहावयाची असेल तर जुलैत जावे, पण आगगाडीने, एकाच ठिकाणी मुक्काम करून, आणि घाटाचा बेत अजिबात न ठेवता. या दिवसांत कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश चालतात व त्यांचे वेळापत्रकही निराळे असते, हे तिकिटापूर्वी पाहावे.

चित्रा-स्वातीत, ऑक्टोबर महिन्यात, कोकण हिरवेगार असते व भाताची कापणी चालू असते. परंतु परतीच्या पावसाची गडगडाटी वादळे दुपारनंतर उठतात, आणि घरी सोयाबीनचे खळे व रब्बीची पेरणी एकदम अंगावर येते. या दिवसांत आपला गाव सोडणेच नको.

जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, म्हणजे बहुधा पौष-माघाचे दिवस, हा या प्रवासाचा उत्तम काळ होय. तूर झोडून घरात आलेली असते, ज्वारी-हरभऱ्याच्या काढणीस अवकाश असतो, आणि आठ दिवसांची सवड निघते. तिकडे आकाश निरभ्र, घाट कोरडे, समुद्र शांत असतो. आंबा मोहोरलेला व कोठे फळधारणा झालेली दिसते. काजूस मोहोर असतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीची तोडणी जोरात असते. फळ खावयास मिळणार नाही, म्हणून हे दिवस कित्येकांस रुचत नाहीत. पण शेतकऱ्याने पाहावयाचा तो मोहोर. ढगाळ हवेने मोहोरावर तुडतुडे व भुरी कशी येते, बागाईतदार त्यावर काय उपाय करतो, रात्रीची थंडी मोहोरास का लागते, हे फळ पिकल्यावर कोणी दाखवू शकत नाही.

ज्यांस फळच पाहावयाचे आहे त्यांनी ज्वारीचे खळे झाल्यावर मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य हे दिवस घ्यावेत. काजूची वेचणी चालू असते व हापूसचा पहिला माल निघतो. उकाडा मात्र सोसावा लागतो. मेच्या उत्तरार्धावर भरवसा ठेवू नये. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याच्या कडेकडेने गेले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळून नारळ, सुपारी व आंब्याची बागाईत उन्मळून पडली. आणि २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईस पोहोचला. उन्हाळा अमुक तारखेस संपतो असे निसर्गाने कोणास लिहून दिलेले नाही.

तिथीवरून भरती काढण्याची रीत

समुद्रकाठी हवेखालोखाल भरती-ओहोटी महत्त्वाची. भरती दिवसातून दोनदा येते, व रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर तिची वेळ काढण्याची जुनी रीत सोपी आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीस भरती तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या, द्वादशीस नऊच्या, आणि पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. तीच वेळ दिवसा व रात्री धरावी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा व अमावास्येस उधाणाची मोठी भरती, अष्टमीस भांगाची लहान भरती.

हा हिशेब करून मुरूड-कर्दे किंवा हर्णे येथे जाण्याची वेळ ठरवावी. पाणी ओसरत असता ते माणसास आत ओढते, म्हणून ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरू नये. ओल्या वाळूत मोटार नेण्याची हौसही करू नये. रुतलेली गाडी काढण्यास भरती थांबत नाही.

दिवसांची वाटणी

पहिली रात्र आगगाडीत. जानेवारीत इगतपुरीस पहाटे कांबळे लागते आणि कल्याणास ते गुंडाळून ठेवावे लागते. हवा पालटल्याची पहिली खूण ती. दुसऱ्या दिवशी सायंकाळी दापोली. तिसरा दिवस विद्यापीठास द्यावा. दापोलीचे कृषी विद्यापीठ व आपले परभणीचे, ही दोन्ही १८ मे १९७२ या एकाच दिवशी स्थापन झाली. एकाने लाल जांभ्याची व एकाने काळ्या चिकण मातीची जबाबदारी उचलली. नीलम व हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या विद्यापीठाने काढलेली 'रत्ना' ही आंब्याची जात तेथे पाहावी. जावयाचे आधी पत्र लिहून किंवा दूरध्वनी करून वेळ मागून घ्यावी. चौथा दिवस किनारा व खाजगी बागा. पाचवा दिवस राखून ठेवावा : हवा बिघडली, गाडी चुकली, कोणी आजारी पडले, तर हा दिवस उपयोगी पडतो, नाही तर आणखी एक बाग पाहावी. ज्या बेतात राखीव दिवस नसतो, त्यातील माणसे वेळ भरून काढण्यासाठी रात्री घाट चढतात.

सहाव्या दिवशी सकाळी निघून दिवसाउजेडी आंबेनळी घाट चढावा. खाली घामाने भिजलेले कपडे वर पोहोचण्यापूर्वीच बदलावेत; सायंकाळच्या गारठ्यात ते बाधतात. सातव्या दिवशी स्ट्रॉबेरीचे मळे व महाबळेश्वरातील गव्हाच्या गेरव्याचे, म्हणजे तांबेऱ्याचे, संशोधन केंद्र पाहावे. असे केंद्र डोंगरावर का, असा प्रश्न मनात येईल. जी थंड व दमट हवा प्रवाशास सुखाची वाटते, तीच तांबेऱ्यासही मानवते. म्हणून रोगाचा अभ्यास करावयास ती जागा योग्य. आठवा दिवस परतीचा. वाईस उतरताना खिडकीतून रान बदलताना पाहावे. दोन तासांत घनदाट झाडी संपून आपल्यासारखे उघडे माळ दिसू लागतात.

निघण्यापूर्वी पाच दिवस व पुढे रोज सकाळी हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज पाहावा. केवळ परभणीचा नव्हे, तर रत्नागिरी, रायगड व सातारा या तिन्ही जिल्ह्यांचा. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे प्रवास थांबवा, असा सरळ अर्थ धरावा.

कलमे आणताना

शेवटी अनुभवाची एक गोष्ट सांगतो. प्रस्तुत लेखकाने एका वर्षी ऐन मे महिन्यात कोकणातून हापूसची बारा कलमे मोठ्या हौसेने आणली. तेथे ती टवटवीत होती. वालूरच्या उन्हाळी वाऱ्यात चार दिवसांत पाने करपली, आणि मृग निघेपर्यंत दोनच हिरवी राहिली. त्यांसही पुढे म्हणावे तसे फळ धरले नाही. दोष कलमांचा नव्हता व विकणाराचाही नव्हता. दमट हवेत वाढलेले पान कोरड्या झळीत पाणी झपाट्याने गमावते, आणि वाटेत हादरलेल्या मुळ्या ते पुरवू शकत नाहीत. कलमे आणावयाचीच तर पाऊस चांगला लागल्यावर मागवावीत, दोन-तीन आठवडे सावलीत ठेवून मग लावावीत. आणि जात आपल्या हवेस मानवणारी घ्यावी. आमच्याकडे हापूसपेक्षा केशर बरा, हे ते दहा खड्डे रिकामे झाल्यावर मला कळले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रवासात आपण पीक पाहतो, पण ते पीक ज्या हवेवर उभे आहे ती पाहत नाही. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणातही जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, आणि एप्रिलात कित्येक वाड्यांत टंचाई असते. हे पाहिले म्हणजे आपल्या काळ्या जमिनीची किंमत कळते. आमच्या वालूरच्या बारवेत चक्राकार पायऱ्या खोल उतरत गेल्या आहेत. पाणी वर्षभर एका पातळीवर राहत नाही, ते उतरत जाईल तसे आपणही खाली उतरले पाहिजे, हा हिशेब बांधणाराने आधीच केला होता. प्रवासास निघणाऱ्या शेतकऱ्याने तेवढाच हिशेब आभाळाचा करावा. सवड आपली असते, पण हवा आपल्या हातची नसते. तेव्हा सवडीने हवेची वाट पाहावी, हेच शहाणपण.